सिग्नलचं युजरनेम: नंबर लपतो, सिम लपत नाही

सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि मेसेज उघडायची किल्ली कंपनीकडे नसते. हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर शब्द खर्चत नाही. मुद्दा फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या युजरनेमचा, म्हणजे नंबराऐवजी देता येणाऱ्या नावाचा. त्याने निनावी राहता येतं का? सोसायटीच्या ग्रुपमधल्या अनोळखी माणसापासून, जुना फ्रिज विकताना चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकापासून नंबर लपवायचा असेल तर सोय झकास आहे. पोलीस-कोर्टापासून ओळख लपेल या समजुतीत मात्र राहू नका.

युजरनेम प्रोफाइलमधून घेता येतं. रोमन अक्षरांत नाव, मग टिंब, मग किमान दोन आकडे. म्हणजे ‘पावटा’ हवं असेल तर ‘पावटा.47’ अशा थाटाचं मिळतं. समोरच्याला ते आकड्यांसकट तंतोतंत टाकावं लागतं. नुसतं ‘पावटा’ टाकून पावट्यांची यादी येत नाही, कारण शोधायला यादीच ठेवलेली नाही. टाइप करायचा कंटाळा असेल तर क्यूआर कोड दाखवा. तो नको त्याच्या हाती गेला तर रिसेट करता येतो, जुना कोड निकामी होतो.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि फसतात. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात फोन नंबर, इथे दोन प्रश्न आहेत. नंबर कोणाला दिसावा, याचं उत्तर आता मुळातच ‘कोणालाही नाही’ असं असतं. नंबरावरून तुम्हाला कोण शोधू शकतं, याचं उत्तर मात्र ‘सर्वजण’ असतं. ते तसंच राहिलं तर ज्याच्याकडे तुमचा नंबर आहे त्याला तुम्ही सिग्नलवर आहात हे कळतं. तेही ‘कोणी नाही’ करा. मग काका-मामांनाही तुम्ही सापडणार नाही, त्यांना युजरनेमची लिंक पाठवावी लागेल. आणि ज्यांच्या फोनबुकात तुमचा नंबर आधीच सेव्ह आहे, त्यांना तो दिसत राहतो. त्यावर कुठलंही बटण नाही.

आणखी दोन गळत्या. युजरनेम चॅटमध्ये नाव म्हणून झळकत नाही, तिथे प्रोफाइलचं नाव दिसतं. तिथे नाव-आडनाव आणि लग्नातला फोटो ठेवला असेल तर नंबर लपवून काय मिळवलं? दुसरी गळती कॉलची. कॉल थेट दोन फोनमध्ये जोडला गेला तर समोरच्याला तुमचा आयपी पत्ता (तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) कळू शकतो. प्रायव्हसीतल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये कॉल नेहमी रिले करण्याचा, म्हणजे सिग्नलच्या सर्व्हरमार्फत फिरवण्याचा पर्याय आहे. आवाज किंचित मागेपुढे होतो, पण चालू ठेवा.

आता मूळ दुखणं. खातं उघडायला फोन नंबर लागतोच. हट्टाचं कारण स्पॅम: नंबर फुकटात हजारांनी मिळत नाहीत, ईमेल मिळतात. या हट्टाची किंमत सिग्नल स्वतः मोजतं. नोंदणीच्या एसएमएस आणि कॉलवर वर्षाला सुमारे 60 लाख डॉलर जातात, असं त्यांनीच नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केलं होतं. शिवाय एसएमएस हा साखळीतला कच्चा दुवा. ऑगस्ट 2022 मध्ये ओटीपी पाठवणाऱ्या ट्विलिओमध्ये घुसखोरी झाली तेव्हा सिग्नलचे सुमारे 1,900 नंबर धोक्यात आले. जुने मेसेज गेले नाहीत, पण त्या नंबरांवर दुसऱ्याला खातं उघडता आलं असतं. उपाय अ‍ॅपमध्येच आहे: अकाउंटमध्ये रजिस्ट्रेशन लॉक चालू करायचं. मग ओटीपी मिळाला तरी तुम्ही ठरवलेल्या पिनशिवाय खातं उघडत नाही. खातं सात दिवस बंद पडून राहिलं तर हे लॉक सुटतं, हे लक्षात असू द्या. पिन विसरलात तरी तेच सात दिवस थांबावं लागतं.

भारतात प्रत्येक सिमवर केवायसी आहे, म्हणजे नंबर म्हणजेच ओळख. सिग्नलकडे माहिती मात्र फार थोडी असते. 2016 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) माहिती मागितली तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं, एवढंच सिग्नलला देता आलं. युजरनेममध्ये एक बारीक फट आहे: कोर्टाने चालू असलेलं युजरनेम नेमकं दिलं तर सिग्नलला ते खात्याशी जोडता येतं. बदलून टाकलेलं जुनं युजरनेम जोडता येत नाही. त्यामुळे काम झालं की बदला. गप्पा आहेत तशाच राहतात.

सिम फोनबाहेर ठेवूनही सिग्नल चालवायची सोय किती टिकेल, हे सिग्नलच्या एकट्याच्या हातात नाही. दूरसंचार विभागाने 28 नोव्हेंबर 2025 ला काढलेल्या आदेशात मेसेजिंग अ‍ॅप फोनमधल्या सिमशी सतत बांधलेलं असावं आणि वेब आवृत्ती दर सहा तासांच्या आत लॉगआउट व्हावी, असं म्हटलं आहे. आजवर सिम फक्त नोंदणीपुरतं लागायचं, मग दुसऱ्या फोनात घाला की ड्रॉवरमध्ये टाका. परदेशात स्थानिक सिम घालून जुन्याच नंबरवर अ‍ॅप चालवणाऱ्यांना अशा अटीचा चटका सर्वांत आधी बसेल.

नंबर मुळातच द्यायचा नसेल तर थ्रीमा हे स्विस अ‍ॅप बघा. एकदाच पैसे, आठ अक्षरांचा आयडी, नंबर-ईमेल ऐच्छिक. अडचण इतकीच की तिथे तुमच्या ओळखीचं कोणी नसतं.

सिम बंद करणार असाल तर त्याआधी सिग्नलच्या अकाउंटमध्ये ‘फोन नंबर बदला’ करून नवा नंबर जोडा. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, आणि तोवर तुमचं खातं सात दिवस बंद पडून राहिलं असेल तर लॉकही सुटलेलं असतं.