मराठी ऑडिओ बायबल, दोन नातवंडं आणि मी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये नगरहून (आता अहिल्यानगर, पण जिभेचं वळण जुनंच) पुण्याला मुलाकडे राहायला आले, त्याच आठवड्यात सुनेनं माझ्या फोनवर मराठी ऑडिओ बायबलचं ॲप टाकून दिलं. फुकट आहे. पुस्तक निवडायचं, अध्याय निवडायचा, की वाचन सुरू. फोनचा आवाज मुलांच्या गोंगाटात पुरेना, म्हणून पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीतून एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आणला. शिवाय मुलांसाठी एक इंग्रजी चित्रांचं बायबल घरात होतंच, आणि माझ्याकडे ह्यांचं जुनं काळ्या पुठ्ठ्याचं पवित्र शास्त्र, म्हणजे मराठी बायबल. नऊ महिन्यांत ही तिन्ही रोज वापरली. ज्यांना नातवंडांसाठी असं काही घ्यायचंय त्यांनी विचारलं तर काय सांगेन, ते लिहिते.

आधी घरची परिस्थिती. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. दोघं इंग्रजी माध्यमात. मराठी बोलतात झकास, वाचताना मात्र जोडाक्षर आलं की गाडी थांबते. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांची शब्बाथ शाळा घेतली, त्यामुळे मुलांना गोष्ट सांगणं मला नवीन नाही. पण डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक अक्षर रात्री दिसत नाही. म्हणून हा ऐकण्याचा घाट.

वाचणाऱ्याचा आवाज चांगला आहे. थोडा आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखा, पण उच्चार स्वच्छ. नव्या करारात पात्रांचे वेगवेगळे आवाज आहेत, मागे वारा, मेंढरं, गर्दी. मुलांना ते आवडतं. जुना करार एकाच माणसानं सरळ वाचलाय. मला विचाराल तर तोच बरा. मेंढरं ओरडायला लागली की धाकटी वचन सोडून मेंढरं मोजते. वेग कमी करायची सोय आहे, ती वापराच. पाऊण वेगावर ठेवलं की मुलांना शब्द धरता येतात.

शब्दांबद्दल बरेच जण विचारतात, की ही भाषा मुलांना कळते का? नाही कळत. स्तोत्र २३ पहिल्याच आठवड्यात पाठ करायला घेतलं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ तिसऱ्या दिवशी धाकटी आंघोळीला जाताना मोठ्यानं म्हणतेय, ‘मला काही ऊन पडणार नाही.’ मी दुरुस्त करायला गेले तर म्हणाली, ‘आजी, मग देव छत्री धरतो का?’ मी त्या दिवशी दुरुस्त केलंच नाही. आठवडाभरानं डब्यातली एक पोळी कमी भरली आणि तिनं तक्रार केली, तेव्हा सांगितलं, बघ, आज तुला एक पोळी उणी पडली. शब्द बसला तो बसला. छत्री काही गेली नाही, पण असू दे.

बायबलातल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकाचे ३१ अध्याय आहेत, म्हणजे महिन्याच्या तारखेला एक. सकाळी दप्तर भरता भरता त्या तारखेचा अध्याय लावायचा, ही युक्ती मुलाची. गोष्टींपेक्षा नीतिसूत्रंच आधी तोंडात रुळली, ह्याचं मला नवल वाटलं. कारण सोपं आहे, ती भांडणात वापरता येतात. ‘मृदू उत्तराने कोपाचे निवारण होते’ हे वचन माझ्या घरात आजवर सर्वांत कर्कश आवाजात म्हटलं गेलंय. आणि मी दुपारी जरा आडवी झाले की दारातून थोरला: ‘अरे आळशा, मुंगीकडे जा!’

आता खोड्या सांगते. डिसेंबरात ॲप आपोआप नवं झालं आणि उतरवून ठेवलेले सगळे अध्याय गेले. नाताळासाठी गावी निघालो होतो, गाडीत नेट नाही, लूकचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, लावायचा तर गोल चकती फिरतेय. शेवटी मीच तोंडानं सांगितला. बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं इथपर्यंत आले आणि सुपे टोलनाका लागला, तिथं मुलांना शेंगदाण्याची चिक्की दिसली. असो. शोधायची सोयही कच्ची आहे. वचनातला शब्द टाकून अध्याय सापडत नाही, पुस्तक आणि अध्याय तुम्हाला आधीच ठाऊक हवा. आम्हाला असतो, तरुण आईबापांना असेलच असं नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. ॲप आपण होऊन थांबत नाही. एक अध्याय संपला की पुढचा सुरू, आणि अध्यायाच्या आत काय येतंय ह्याची त्याला फिकीर नाही. ऑगस्टमध्ये मी हौसेनं जुन्या करारातल्या शास्ते ह्या पुस्तकाचा चौथा अध्याय लावला. मुलीच्या कानावर दबोरा पडावी, खजुरीच्या झाडाखाली बसून न्याय करणारी बाई, म्हणून. मी भाजी निवडत होते. पुढं याएलची गोष्ट आहे हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. सेनापती सीसरा पळून तिच्या तंबूत येतो, पाणी मागतो, ती दूध देते, पांघरूण घालते आणि तो झोपल्यावर तंबूची मेख त्याच्या कानशिलातून ठोकते. वाचणारा तसाच बातम्या दिल्यासारखा वाचत गेला. मी मेथीची जुडी टाकून फोनकडे धावले तोवर मेख जमिनीत रुतलेली होती. धाकटी शांतपणे म्हणाली, ‘पण तिनं आधी दूध का दिलं?’

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर इतकी वर्षं शब्बाथ शाळेत मी दबोरा शिकवली आणि याएलपाशी येण्याआधीच घंटा वाजवली. त्या रात्री मुलानं सुचवलं की चित्रांचं बायबलच बरं, त्यात असलं काही नाही. मलाही दोन दिवस पटलं. तेव्हा त्या पुस्तकाबद्दल.

कागद गुळगुळीत, चित्रं मोठी, बांधणी पक्की, सरबत सांडूनही पान फाटलं नाही. पण येशू सोनेरी केसांचा आणि निळ्या डोळ्यांचा. धाकटीनं ऑक्टोबरच्या सुट्टीत काळं स्केचपेन घेऊन प्रत्येक पानावर केस रंगवून टाकले. आईनं रागवायच्या आत मी पुस्तक उचलून ठेवलं. तिचं चुकलं असं मला काही वाटलं नाही. माझी तक्रार दुसरी आहे. ह्या पुस्तकातल्या गोष्टी टोकाला येऊन कापलेल्या आहेत. देवाच्या सांगण्यावरून बाप त्याचाच बळी द्यायला निघालाय हे ठाऊक नसलेला इसहाक लाकडांची मोळी घेऊन बापाबरोबर डोंगर चढतो, आणि अग्नी आहे, लाकडं आहेत, पण कोकरू कुठंय असं विचारतो, तो प्रश्नच गाळलाय. नुसता देवदूत आणि झुडपात अडकलेला एडका. थोरल्याला ती गोष्ट पाठ होती आणि तिचं काही वाटत नव्हतं. मग ॲपवर हाच अध्याय, उत्पत्ती २२, पूर्ण ऐकल्यावर त्यानं स्पीकर स्वतः बंद केला, आणि रात्री बापाला विचारलं, ‘तू मला नेलं असतंस?’ बाप म्हणाला नाही. मग माझ्याकडे आला. मी म्हटलं, मी तुझ्या बापाला घेऊन डोंगरच चढले नसते, आणि हा अध्याय मला अजून कळलेला नाही. त्याला हे उत्तर आवडलं असावं. कारण तेव्हापासून तो माझ्याशी भांडून ऐकतो, नुसता ऐकत नाही.

लूक १५ चं तर विचारूच नका. उधळ्या पुत्राची, म्हणजे बापाचा पैसा उडवून घरी परतलेल्या धाकट्या मुलाची, गोष्ट चित्रांच्या पुस्तकात मेजवानीपाशी संपते. बाप मिठी मारतो, अंगरखा, अंगठी, पुष्ट वासरू, समाप्त. ॲपवर लावलं आणि थोरल्या मुलाचा भाग आला: तो शेतात होता, घराजवळ येताना त्याला वाद्यं आणि नाच ऐकू आला आणि त्यानं चाकराला विचारलं, काय चाललंय. आमचा थोरला ताठ बसला. ‘म्हणजे त्याला कुणी बोलावलंच नव्हतं?’ नव्हतं बाबा. ‘शेतात माणूस पाठवता आला असता ना. सगळे जेवायला बसले आणि ह्याला चाकराकडून कळतंय?’ एवढी वर्षं हा दृष्टांत ऐकतेय, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, माझं ते सगळं तुझंच आहे म्हणतो. ‘मग तो आत गेला का?’ मी सांगितलं, ते लिहिलेलं नाही. त्यानं मागं नेऊन दोनदा ऐकलं, खात्री केली. धाकट्या बहिणीचा भाऊ आहे तो, त्याला ही गोष्ट कुठं लागली ते मी ओळखते.

तेव्हा माझं मत असं: मुलांसाठी कापलेल्या आवृत्तीवर पैसे घालू नका. जे काटेरी म्हणून काढून टाकलेलं असतं, मुलं नेमकी तिथंच अडकतात, आणि अडकतात तिथंच थांबतात. ॲप काही कापत नाही हा त्याचा मोठा गुण. मात्र ते लावून स्वयंपाकघरात निघून जायचं नाही. बोट बटणावर हवं. सेटिंगमध्ये पुढचा अध्याय आपोआप सुरू होणं बंद करता येतं, पण ते तिथं असं दडवलंय की मला नोव्हेंबर उजाडला.

आणखी एक घोळ निस्तरावा लागला, त्याला ॲपचा इलाज नव्हता. थोरल्याची समजूत अशी की बायबल मुळात इंग्रजी, आणि आम्ही ऐकतो तो डब केलेला मराठी. कार्टूनसारखा! म्हणून जानेवारीत एका शनिवारी दौंडच्या गाडीनं केडगावला नेलं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथंच. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून सगळं बायबल मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला समजावं म्हणून सोप्या भाषेत. १९२२ साली त्या गेल्या तेव्हा काम पुरं झालं होतं, १९२४ साली ते छापून निघालं. छपाईचे खिळे जुळवण्यापासूनचं काम मिशनमधल्या बायकांनी केलेलं. ‘म्हणजे मध्ये इंग्लिश नाहीच?’ नाहीच. परतीच्या गाडीत त्यानं खिडकीशी बसून हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात ह्यावर बहिणीला बराच वेळ शिकवणी दिली. मी पेरू खात होते.

गाण्यांची बाजू मात्र ॲपमध्ये साफ कोरी आहे. शाळेत जखमी पक्षिणीची कविता ज्यांची आपण सगळे शिकलो, त्याच ना. वा. टिळकांची गीतं नगरच्या मंडळ्यांत पेटीवर म्हणत आम्ही मोठे झालो. ती नातवंडांना हवी असतील तर गीतपुस्तक काढून आपणच म्हणावं लागतं. माझा आवाज आता चिरका झालाय, मुलं हसतात, पण म्हणतात.

सून वसईची, कॅथलिक. तिच्या माहेरच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, माझ्यात ६६. हे थोरल्यानंच मोजून काढलं आणि जेवताना जाहीर केलं, ‘आजी, तुझी सात कमी भरतात.’ सून माझ्याकडे बघायला लागली, मी आमटीकडे. आमच्या ॲपमध्ये ६६च आहेत, तेव्हा कॅथलिक घरांनी घेण्याआधी यादी बघून घ्यावी.

राहिलं छापील पुस्तक. ह्यांच्या पवित्र शास्त्राचा पुठ्ठा सुटलाय, कडेला त्यांनी पेन्सिलीनं तारखा टाकलेल्या आहेत, कुठल्या भक्तीत कुठलं वचन झालं त्याच्या. ऐकून झालं की तो अध्याय ह्यात काढायचा आणि प्रत्येकानं एक ओळ वाचायची, एवढाच आमचा नेम. नऊ महिन्यांत थोरल्याची जोडाक्षरं सुटायला लागली, हा वरचा फायदा. लूक १५ पाशी त्यानं विचारलं, मी पण लिहू का कडेला? मी म्हटलं पेन्सिलीनं लिही. त्यानं मराठीतच लिहिलं: ‘शेतात कोनी नाही गेले.’ ‘कोनी’ मी दुरुस्त केलेलं नाही.

सध्या रूथचं पुस्तक चालू आहे. चारच अध्याय, रोज एक, पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, कारण मुलांपेक्षा सुनेलाच सोडवत नाही. सासूसुनेची गोष्ट म्हणून मी आधी जरा बिचकत होते. ती ओट्याशी भाकरी थापता थापता ऐकते आणि गोष्टीतली सासू नामी कडू बोलायला लागली की पीठ लागलेल्या हातानं खूण करते, आवाज वाढवा म्हणून.