'3000 मिग्रॅ'ची बाटली आणि मागची बारीक अक्षरं

30 मिलीची भांगेच्या तेलाची बाटली, 4,800 रुपये. वर ठसठशीत 'फुल स्पेक्ट्रम, 3000 मिग्रॅ', म्हणजे भांगेतली सगळी द्रव्यं मिळून 3000 मिलिग्रॅम असा दावा. आईची गुडघेदुखी आणि झोप, दोन्हींसाठी ही इन्स्टाग्रामवरून मागवलेली. भांगेतल्या सीबीजी या द्रव्याने सूज उतरते, सीबीएन या दुसऱ्या द्रव्याने गाढ झोप लागते, असं व्हॉट्सअ‍ॅपवर एका 'वैद्य' बाईंनी पटवलं. पैसे आधी, यूपीआयने. डॉक्टरची चिठ्ठी कुणी मागितलीच नाही.

महिनाभर घेऊन फरक शून्य. माझा मावसभाऊ मेडिकल स्टोअर चालवतो. त्याने बाटली उलटी केली आणि मागची बारीक अक्षरं वाचून हसायलाच लागला. घटक: भांगेच्या बियांचं तेल. खाली 14 आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक, म्हणजे खाद्यपदार्थाचा परवाना!

सीबीडी, सीबीजी वगैरे द्रव्यं झाडाच्या फुलोऱ्यावरच्या चिकट ग्रंथींत तयार होतात, बीमध्ये जवळजवळ नसतातच. 2021 मध्ये एफएसएसएआयने या बिया आणि त्यांचं तेल खायला परवानगी दिली, तेव्हा सीबीडीची मर्यादा किलोमागे 75 मिलिग्रॅम घातली. 30 मिली तेल भरतं साधारण 28 ग्रॅम. म्हणजे कायद्यात बसणाऱ्या आख्ख्या बाटलीत फार तर 2 मिलिग्रॅम. एक तर परवाना खोटा, नाहीतर तो 3000 चा आकडा. तेल म्हणून ते वाईट नाही. उत्तराखंडात त्या बियांची चटणीही करतात. पण चटणीला 4,800 रुपये कोण देतं?

बरं, त्या दाव्यांत तरी किती दम आहे? टीएचसी, म्हणजे भांगेतलं नशा आणणारं द्रव्य, जुनं होत गेलं की त्यातून सीबीएन बनतं. त्याने झोप येते याला माणसांवरच्या अभ्यासाचा आधार तुटपुंजा आहे. भक्कम पुरावा आहे तो सीबीडीला, तोही मुख्यतः अपस्माराच्या काही दुर्मिळ प्रकारांत. त्यासाठीचं औषध अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर झालं.

माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. आई वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेते, हे त्या बाईंना स्पष्ट सांगितलं होतं. उत्तर आलं, "हर्बल आहे हो, काही होत नाही." बाटलीत खरंच तेवढं सीबीडी असतं, तर वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका होता. नुसतं तेल निघालं हे आमचं नशीब.

पैसे परत मागितले, नंबर ब्लॉक. काही दिवसांनी आईला हिंदीत फोन: "नार्कोटिक्स से बोल रहा हूँ." तिच्या पार्सलमध्ये म्हणे गांजाचं तेल सापडलं, केस मिटवायला 40 हजार द्या. पूर्ण नाव, पत्ता, ऑर्डरची तारीख, सगळं त्याला तोंडपाठ. ती तारीख विकणाऱ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? आई थरथरत होती. भावाने फोन काढून घेतला, कट केला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली.

विजयेची, म्हणजे भांगेची, आयुर्वेदिक औषधं आपल्याकडे रीतसर मिळतात, पण वैद्याच्या चिठ्ठीवर. बाटलीवर आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक, बॅच, आणि वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं ही सूचना हिंदी-इंग्रजीत छापलेली असते. आमच्या बाटलीवर यातलं एकही नव्हतं. ते पेज आता नव्या नावाने, त्याच फोटोंसह चालू आहे. कुणी मागवून बसलं असेल तर बाटली, खोक्यावरचं कुरिअरचं स्टिकर आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. तक्रार करताना आमच्याकडे हेच मागितलं.