थोरियम आणि प्रोटॅक्टिनियम: शेजारी, पण स्वभाव वेगळे

रत्नागिरीला मांडवीची काळी वाळू दिसली की कुणीतरी थोरियमचा, म्हणजे अणुक्रमांक ९० च्या किरणोत्सारी धातूचा, विषय काढतंच. काळेपणा इल्मेनाइटसारख्या खनिजांचा. थोरियमवालं मोनाझाइट मुख्यतः केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशाकडे. तरी थोरियम मुबलकच म्हणायचं. खरं दुर्मिळ त्याच्या शेजारचं मूलद्रव्य प्रोटॅक्टिनियम, अणुक्रमांक ९१. ब्रिटनमध्ये १९६१ च्या सुमारास ६० टन टाकाऊ माल उपसून मिळालं जेमतेम १२५ ग्रॅम!

थोरियम-२३२ चं अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे १,४०० कोटी वर्षं, प्रोटॅक्टिनियम-२३१ चं साधारण ३३ हजार. म्हणजे तेवढ्याच वजनाला प्रोटॅक्टिनियमचा किरणोत्सार चार लाख पटींहून जास्त. घनता थोरियमची ११.७, प्रोटॅक्टिनियमची १५.४ ग्रॅम प्रति घनसेंमी. द्रावणात थोरियम +४ या ऑक्सिडेशन अवस्थेवर (चार इलेक्ट्रॉन गमावून) गुमान बसतं. +५ वालं प्रोटॅक्टिनियम मात्र काचेला चिकटतं, फ्लोराइड घातलं तर विरघळलेलं राहतं. अतिसंवाहक (विजेला शून्य रोध असणारे) दोन्ही होतात, १.४ केल्व्हिनच्या, म्हणजे जवळजवळ निरपेक्ष शून्य तापमानाच्या, आसपास.