गादीखालचा सेन्सर : आठ महिन्यांच्या नाइट ड्युटीनंतर

रात्री अडीचला झोपलेल्या पेशंटचं मनगट हातात घेतलं की तो दचकून जागा होतो, आणि दचकल्यामुळे नाडी वाढते ती वेगळीच. मेडिकल वॉर्डात चौदा वर्षं काढली, पण ही गोष्ट मला कायम टोचत आली. म्हणून आठ महिन्यांपूर्वी आमच्या बारा पलंगांना ठोके आणि श्वास मोजणारे गादीखालचे सेन्सर बसवले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. आता त्याच्या खोडी माहीत झाल्यात. तरीही उद्या कोणी ते काढून न्यायला आलं तर मी भांडेन.

वस्तू दिसायला साधी आहे. एक चपटी पट्टी, गादीखाली छातीच्या रेषेत आडवी ठेवायची. अंगाला ना वायर, ना स्टिकर. हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत फेकतं, त्या धक्क्याने अख्खं शरीर अगदी किंचित हलतं आणि ते हलणं गादीतून पट्टीपर्यंत पोचतं. शरीराचं हे हलणं गॉर्डन नावाच्या संशोधकाने १८७७ सालीच टिपलं होतं. पुढे १९३९ मध्ये अमेरिकेत आयझॅक स्टार या डॉक्टरांनी ते मोजण्यासाठी खास टेबल तयार केलं, त्यावर पेशंटला झोपवायचे. या पद्धतीला बॅलिस्टोकार्डिओग्राफी म्हणतात. ईसीजी हृदयातली वीज पकडतो, ही पट्टी हृदयाचा धक्का पकडते. एवढं लक्षात ठेवलं की तिच्या बहुतेक खोडी उलगडतात.

पहिल्याच आठवड्यात स्क्रीनवर ११८ दिसलं म्हणून मी धावत गेले. पेशंट शांत झोपलेला. नाडी पूर्ण मिनिटभर मोजली, ५९ भरली. एका ठोक्याच्या लहरीला एकाहून जास्त उंचवटे असतात आणि मशीन कधी कधी एकाचे दोन मोजतं. तेव्हापासून आकडा एकदम दुप्पट किंवा निम्मा झाला की मी आधी मनगट धरते, मग डॉक्टरांना फोन करते. नातेवाईक पलंगाच्या कडेला टेकला की त्याचंही हलणं मिसळतं. बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होऊ नये म्हणून हवेची गादी घातली असेल तर तिच्या पंपाची थरथर खालून येत राहते, त्या पलंगावर मला या सेन्सरचा फारसा भरवसा वाटत नाही. पेशंट कुशीवर वळला, खोकला, थंडी वाजून कुडकुडायला लागला की आकडा जातो आणि त्याच्या जागी नुसती आडवी रेघ येते. हे मला आवडतं. कळत नसेल तर गप्प बसावं, अंदाजे आकडा दाखवू नये. एट्रियल फिब्रिलेशनच्या, म्हणजे ठोके अनियमित पडणाऱ्या पेशंटला मात्र ती रेघ इतका वेळ राहते की तिथे ईसीजीला पर्याय नाही. बीपी आणि ऑक्सिजन तर ही पट्टी सांगतच नाही.

खरी कमाई मला श्वासात दिसली, जरी सगळे बोलतात ते हृदयाच्या ठोक्यांबद्दल. छातीची हालचाल ठोक्याच्या धक्क्यापेक्षा कितीतरी मोठी असते, त्यामुळे श्वास सहज पकडला जातो. आणि श्वास हीच गोष्ट आपण वॉर्डात सगळ्यात हलगर्जीपणे लिहितो. जुने चार्ट काढून बघा, प्रत्येक पेशंटचा श्वास मिनिटाला १८ नाहीतर २०. मीही तसंच लिहिलंय.

तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. पोटाचं ऑपरेशन होऊन आमच्याकडे आलेल्या एक आजी. रात्री अकराला श्वास १६, ठोके ८२. एकला श्वास २०. तीनच्या सुमाराला २६, आणि ठोके अजून ९५च्या आतबाहेर, म्हणजे ठोक्यांवरून कोणी घाबरलं नसतं. पण श्वासाचा आकडा चार तास हळूहळू वर चढत होता. मी जवळ जाऊन बघितलं. आजी झोपेतच होत्या, नाकपुड्या फुलत होत्या, गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत जात होता. बोटाला प्रोब लावला, ऑक्सिजन ८९ टक्के. डॉक्टर आले, एक्स-रे झाला, न्यूमोनिया निघाला आणि पहाटेच उपचार सुरू झाले. सेन्सर नसता तर पुढचे व्हायटल्स (नाडी, श्वास, बीपी वगैरे) सहाला घेतले गेले असते.

अलार्मचं मात्र सुरुवातीला फार झालं. पेशंट बाथरूमला गेला तरी वाजायचा, आणि सारखं वाजणारं यंत्र कानाला ऐकू येईनासं होतं, हा यातला खरा धोका. आम्ही इंजिनिअरना बसवून मर्यादा पेशंटगणिक बदलून घेतल्या आणि थोडा वेळ थांबून वाजायची सोय करून घेतली. आता रात्री मोजकेच अलार्म होतात आणि प्रत्येकाला कोणीतरी उठून जातं.

‘सिस्टर, यातून करंट तर नाही ना येणार?’ हे नातेवाईक हमखास विचारतात. यात कॅमेरा नाही, शरीरात काही सोडलं जात नाही, पट्टी फक्त हलणं टिपते, असं मी गादी उचलून दाखवूनच सांगते.

चादर बदलताना पट्टी सरकते आणि कंबरेखाली गेली की ठोके नीट येत नाहीत. म्हणून आम्ही प्रत्येक पलंगाच्या कडेला लाल टेपची खूण केलीय, आणि ड्युटी बदलताना हँडओव्हर देताना गादीचा कोपरा उचलून पट्टी खुणेवर आहे ना, हे दोघी मिळून बघतो.