टोकन एजंटच्या खात्यात गेलं, की सौदा तुमच्या हातात राहत नाही

पुणे-पिंपरी पट्ट्यात रिसेलचा फ्लॅट घेताना लोक ज्या पद्धतीने फसतात, ती पद्धत आता पाठ झाली आहे. रविवारी फ्लॅट दाखवतात. "अजून दोन पार्ट्या तयार आहेत" असं सांगून संध्याकाळपर्यंत लाख-दोन लाखांचं टोकन मागतात. पैसे एजंटच्या खात्यात जातात आणि पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी येतात. काही आठवड्यांनी बँकेचा वकील कर्जाची फाइल परत पाठवतो, कारण मधल्या एका मालकाचा नोंदणीकृत करारनामा सापडत नाही किंवा इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच (राहायला परवानगी असल्याचा दाखला) मिळालेलं नाही. टोकन परत मागितलं की मालक म्हणतो मला पोचलंच नाही, आणि एजंट म्हणतो सौदा तुम्ही मोडलात, टोकन जप्त.

यातले बरेच एजंट लबाड नसतात, त्यांना कागद वाचता येत नाहीत. पैसे दोन्हीकडे सारखेच बुडतात, म्हणून पारख टोकनच्या आधीच करावी.

एजंटकडे महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी क्रमांक जरूर मागा. एजंटचा क्रमांक इंग्रजी 'ए' अक्षराने सुरू होतो, 'पी'ने सुरू होणारा क्रमांक प्रकल्पाचा असतो आणि तोच दाखवून वेळ मारून नेणारे भेटतात. नोंदणीची मुदत संकेतस्थळावर पाहता येते. प्रशिक्षण आणि परीक्षेचं प्रमाणपत्रही आता सक्तीचं आहे, तेही मागा. पण एक गोष्ट लक्षात घ्या: ही सक्ती महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांतल्या व्यवहारांसाठी आहे. पंचवीस वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट विकायला कोणीही उभा राहू शकतो.

तिथे प्रश्न विचारूनच माणूस कळतो. पहिला प्रश्न मालकाच्या कर्जाचा. कर्ज बाकी असेल तर मूळ कागद बँकेत असतात. जाणकार एजंट आधी मालकाकडून थकबाकीचं पत्र आणवतो आणि तुमची बँक त्या बँकेला थेट पैसे कसे देईल, कागद कधी सुटतील, हे क्रमाने सांगतो. "ते होऊन जाईल, काळजी नको" हे उत्तर आलं तर तिथेच थांबा. दुसरा प्रश्न टीडीएसचा, म्हणजे किमतीतून आधीच कापून सरकारकडे भरायच्या कराचा. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर 1 टक्का कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. मालक परदेशात राहत असेल तर कपात याहून कितीतरी मोठी असते. "मालक बघून घेईल" म्हणणाऱ्या एजंटमुळे व्याज आणि उशिराचं शुल्क तुमच्या माथी येतं. तिसरा प्रश्न क्षेत्रफळाचा: करारनाम्यातला कार्पेट (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) किती? उत्तर बिल्टअपमध्ये (भिंती धरून) आलं तर टेप घेऊन जा आणि खोली-खोली मोजा.

काही रक्कम रोखीत द्या असं सुचवणाऱ्या एजंटला तर सरळ सोडा. मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि टोकनही त्यातच येतं. शिवाय सौदा मोडला तर रोख पैशाचा पुरावा कुठून आणणार?

सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर वर्ष, गाव आणि सर्व्हे किंवा सिटीएस (नगर भूमापन) क्रमांक टाकून स्वतः शोधता येते. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या नोंदींचा शोध) मात्र तुमच्या वकिलाकडूनच घ्या. एजंटने "फुकटात" दिलेला वकील एजंटचाच असतो.

टोकन द्यायचंच तर रक्कम लहान ठेवा आणि चेक मालकाच्या नावाने द्या. सहमालक असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. पावतीत फ्लॅट क्रमांक, ठरलेली किंमत, साठेखताची (विक्रीच्या कराराची) तारीख आणि हे वाक्य हवं: "कागदपत्रांतील दोषामुळे किंवा बँकेने कर्ज नाकारल्यास टोकनची पूर्ण रक्कम 7 दिवसांत परत." या वाक्यावर एजंट कुरकुरला तर तो कोणाच्या बाजूचा आहे ते कळतं. दलाली साठेखताच्या नोंदणीआधी देऊ नका. फ्लॅट पाहण्याआधी सही करायला देतात तो व्हिजिट फॉर्मही वाचा. एजंट बदलला तरी याचीच दलाली लागू, अशी अट त्यात दडलेली असते.

पैसे आधीच अडकले असतील तर मालक आणि एजंट दोघांना बँक व्यवहाराच्या क्रमांकासह लेखी नोटीस पाठवा, फोनवर बोलत बसू नका. प्रकल्प नोंदलेला असेल तर महारेराकडे, नसेल तर ग्राहक आयोगाकडे एजंटविरुद्ध तक्रार करता येते. एकाच फ्लॅटवर अनेकांकडून टोकन घेतल्याचं दिसलं तर पोलीस ठाणं गाठा, जाताना पावती आणि चॅटच्या छापील प्रती सोबत न्या.