कृत्तिकांपायी घेतलेला ट्रॅकर

तीन हिवाळे नुसत्या ट्रायपॉडवर कृत्तिकांचे फोटो काढले. 135 मिमीच्या लेन्सला दोन सेकंदांच्या वर एक्स्पोजर दिलं की तारे तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट येतात. शेवटी दिवाळीला सेकंडहँड स्टार ट्रॅकर घेतला, 22 हजारांना. कॅमेऱ्याला ताऱ्यांच्याच गतीनं, 23 तास 56 मिनिटांत एक फेरा मारून आणणारी मोटर, एवढंच हे यंत्र. चार पेन्सिल सेलवर रात्रभर चालतं.

पहिली रात्र फुकट गेली. ट्रॅकरचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो. भोरजवळ मामांच्या शेतावर दोन तास ध्रुवच सापडेना. पुस्तिकेतल्या चित्रात तो ऐटीत अर्ध्या आभाळात आहे. आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम 18 अंशांवर, म्हणजे थेट मामांच्या आंब्याआड! दुसऱ्या दिवशी पार वरच्या बांधावर मांडामांड केली. तर ट्रॅकर इतका आडवा झोपवावा लागला की तोल सांभाळणाऱ्या वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडकू लागला. एक पाय दक्षिणेला वळवला, दांडा पुढच्या दोन पायांमधून सुटला. पुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नाही. उत्तर मोकळी दिसेल अशी जागा नसेल, तर हे यंत्र घेऊच नका.

जुळलं मग मात्र पैसे वसूल. मार्गशीर्ष अमावस्येला आयएसओ 800, एफ/4, एकेक मिनिटाचे 40 फोटो घेतले आणि सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे) एकावर एक रचले. तारे टिंबासारखे गोल, आणि कृत्तिकांतल्या मेरोपी या ताऱ्याभोवती चक्क निळसर धूसर पदर! ही धूळ कृत्तिकांच्या जन्मातून उरलेली नव्हे. गुच्छ वाटेतल्या ढगातून चाललाय आणि ताऱ्यांचा प्रकाश त्यावर पडून परततोय. सात कृत्तिकांच्या वैदिक नावांत अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती आहेत. डोळ्यांना न दिसणारा ढग वेदकाळच्या लोकांना कुठून ठाऊक असणार, पण स्क्रीनकडे बघताना मजा वाटली खरी.

नुसतं बघायचं असेल तर यातलं काही लागत नाही. मामा बाजेवर आडवे होऊन माझी 10×50 दुर्बीण लावून बसले होते. साताच्या पुढे मोजत मोजत तिसावर आले आणि चहा प्यायला उठले.

एकच्या सुमारास लेन्सवर दव धरलं, शेवटचे नऊ फोटो टाकून द्यावे लागले. ट्रॅकरसोबत लेन्स गरम ठेवणारा यूएसबी पट्टाही मागवा.