फ्री काउन्सेलिंग, डीएलआय नंबर आणि बुडालेली फी

बिझनेस शिकायला बाहेर जायचंय आणि दोन-तीन देशांमध्ये ठरत नाहीये अशांनी हे जरूर वाचा. माझ्याकडे जर्मनीतल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीची ऑफर हातात होती, कॅनडाचंही बघणं चाललं होतं, आणि तेवढ्यात हा 'फ्री काउन्सेलिंग'वाला एजंट भेटला.

त्याने पहिल्यांदा जर्मनीचा पत्ता कट केला. म्हणे सरकारी आहे, ब्रँड नाही, कंपन्यांशी काही कनेक्शन नाही. अहो, जर्मनीतली मानहाइम युनिव्हर्सिटी सरकारीच आहे ना, तिच्या बिझनेस स्कूलला एएसीएसबी, एक्विस, अँबा या बिझनेस स्कूल्सच्या तिन्ही आंतरराष्ट्रीय मान्यता आहेत आणि युरोपियन युनियनबाहेरच्या मुलांना ट्यूशन फी सेमिस्टरला १५०० युरो. पण हे तो कशाला सांगेल, सरकारी जर्मन युनिव्हर्सिट्या सहसा एजंटला कमिशन देत नाहीत, प्रायव्हेट कॉलेजं देतात आणि तेही बऱ्याचदा पहिल्या वर्षाच्या फीवर टक्क्याने, म्हणजे कॉलेज जितकं महाग तितकी याची चांदी. जर्मन भाषेशिवाय तिकडे बिझनेसमधला जॉब अवघड, हे मात्र तो खरं बोलला, आणि त्या एका खऱ्याच्या आडून बाकीचं सगळं खपवलं.

मग आलं कॅनडातलं प्रायव्हेट कॉलेज. "डीएलआय नंबर आहे, सरकारमान्य आहे, कोर्स झाला की वर्क परमिट मिळणारच." आणि इथेच खरी मेख आहे. डीएलआय म्हणजे फक्त परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी, शिक्षणानंतरचं वर्क परमिट, ज्याला पीजीडब्ल्यूपी म्हणतात, ते बहुतेक प्रायव्हेट कॉलेजांच्या डिप्लोमावर मिळतच नाही. इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर डीएलआयची लिस्ट आहे, त्यात प्रत्येक कॉलेजपुढे पीजीडब्ल्यूपीला चालणारे कोर्स आहेत की नाहीत ते लिहिलेलं असतं. एजंटने मला दाखवलेल्या प्रिंटआउटमध्ये नेमका तोच कॉलम गायब!

ब्रोशरवर एएसीएसबीचं नाव पण होतं, नंतर कळलं की कॉलेज नुसतं मेंबर आहे. मेंबरशिप फी भरून मिळते, मान्यतेसाठी वर्षानुवर्षं तपासणी चालते. मान्यता असलेल्या स्कूल्सची यादी एएसीएसबीच्याच साइटवर बघायला मिळते.

हे सगळं बाहेर आलं त्याच कॉलेजात ॲडमिशन घेऊन कॅनडात पोचून क्लास सुरू झाल्यावर, वरच्या बॅचच्या मुलांकडून. कॉलेज बदलू म्हटलं तर नोव्हेंबर २०२४ पासून दुसऱ्या कॉलेजात जायला आधी नवीन स्टडी परमिट काढावं लागतं, आणि भरलेली फी परत नाही कारण रिफंडची मुदत उलटून गेली होती. एजंटला फोन केला तर म्हणतो, वर्क परमिट देणं सरकारच्या हातात, आम्ही फक्त ॲडमिशन करून देतो. "मिळणारच" हे फोनवर बोललेला, लेखी कुठेच नाही. त्यामुळे असलं प्रत्येक आश्वासन ईमेलवर मागा, आणि ते खरं आहे का हे कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसलाही थेट विचारा, एजंटला कॉपीत न ठेवता. वर्क परमिट मिळेल का, या माझ्या ईमेलला कॉलेजने सरळ 'नाही' असं उत्तर दिलं. फी भरण्याआधी विचारलं असतं तरी हेच आलं असतं, म्हणूनच तर एजंट म्हणायचा, कॉलेजशी सगळं आमच्यामार्फतच बोला.